तीस नंबरचा पोऱ्या

डेव्हिडसन कॉलेजच्या संघात तीस नंबरचा एक पोऱ्या होता. अंगाने काडी, चेहरा शाळकरी, पण तीन गुणांच्या रेषेच्या चांगलं मागे उभं राहून सोडलेला बॉलही रिंगला न शिवता आत टाकायचा. त्याला नाव नव्हतं. इतरांनाही नव्हतं म्हणा. पडद्याच्या खालच्या पट्टीत त्याची जागा आणि नंबर, एवढीच ओळख. समालोचकही नंबरानेच पुकारायचे. आम्ही त्याला बारक्या म्हणायचो.

ही गोष्ट २००८ च्या डिसेंबरातली, धुळ्याच्या देवपुरातली. आतेभाऊ विचिटाला एमएस करत होता. सुट्टीला आला तेव्हा आत्यासाठी बदाम, मामांसाठी दाढीचं सामान आणि टॉवेलात गुंडाळलेलं स्वतःचं जुनं प्लेस्टेशन टू घेऊन आला. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. म्हणून आधी बाजारातून एक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आला. विटेएवढा जड, चालू केला की सारखा घुं घुं करणारा. मग चित्र आलं ते काळंपांढरं आणि खालून वर सरकत जाणारं. अमेरिकेच्या टीव्हीची पद्धत तेव्हा एनटीएससी, आपली पाल. टीव्हीच्या मेनूत बराच वेळ खोदकाम केल्यावर रंग उमटले आणि पाठोपाठ वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते ते.

गेमचं नाव ‘कॉलेज हूप्स टू-के-एट’. नोव्हेंबर २००७ मध्ये निघालेला. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर तेव्हा दोन कंपन्या दरवर्षी गेम काढत. एक टू-के, दुसरी ईए. जाणकार आजही टू-केच्या या शेवटच्या गेमला त्या सगळ्या पिढीतला उत्तम मानतात. मी जाणकार नव्हते, पण बास्केटबॉल खेळत होते. धुळ्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या संघात होते. सकाळी सहाला सिमेंटच्या कोर्टवर खरा खेळ आणि दुपारी आत्याकडे पडदे ओढून हा.

त्याचं पहिलं बलस्थान मला खेळाच्या आधीच दिसलं. अमेरिकेतल्या वरच्या श्रेणीची सव्वातीनशेवर कॉलेजं त्यात होती आणि प्रत्येकाचा रंग, चिन्ह आणि आरडाओरडा वेगळा होता. आतेभावाच्या विचिटा स्टेटचं चिन्ह काय, तर गव्हाची पेंढी. हातपाय फुटलेली, भुवया आक्रसलेली, दंड फुगवलेली पेंढी! पूर्वी तिथले विद्यार्थी सुगीत गहू कापून पेंढ्या उभ्या करायचे, त्यावरून संघाचं नाव पडलं. शेतकऱ्यांच्या गावाने शेतातलीच वस्तू छातीवर मिरवावी हे आम्हाला फार आवडलं. मग आपली चिन्हं कोणती असतील यावर एक अख्खी दुपार गेली. जळगावला केळीचा घड, यावर मतभेद नव्हता. दोंडाईच्याला मिरची. धुळ्यावर गाडी अडली ती अडलीच.

दुसरं बलस्थान वेळेचं. आपल्याकडे फिबाचे नियम: दहा-दहा मिनिटांचे चार भाग आणि चोवीस सेकंदांत शॉट घ्यायचा. अमेरिकन कॉलेजात वीस-वीस मिनिटांचे दोन भाग, आणि तेव्हा शॉटला पस्तीस सेकंद मिळत. (२०१५ पासून ते तीस झाले.) वरवर अकरा सेकंदांचा फरक, पण खेळाची जातच बदलते. व्यावसायिक खेळात तगडा माणूस धावत येतो आणि बॉल डोक्यावरून आत कोंबतो. इथे उंचीने आणि ताकदीने कमी असलेला संघ बॉल फिरवत राहतो. एकीकडून दुसरीकडे, पुन्हा मध्ये, पुन्हा बाहेर. समोरच्याचा एक पाय चुकेपर्यंत. गेमने हे नेमकं पकडलं होतं. झोन लावला की झोनसारखा वाटायचा, प्रेस केलं की समोरचा संघ खरंच गडबडायचा. घरच्या मैदानावर संघाला लय सापडली की प्रेक्षकांचा जोर चढायचा आणि पाहुण्यांचे हात कापायला लागायचे. त्याच कंपनीचा एनबीएचा गेमही आतेभावाकडे होता. त्यात झगमगाट जास्त होता, पण डाव रचण्याची मजा इथे होती.

मी त्यातून एक गोष्ट उचलली आणि कोर्टवर करून पाहिली. बॉल हातात आला की लगेच रिंगकडे धावायचं नाही, आधी पास. आमच्या टेबलावर कसलंही घड्याळ पेटत नसे. पंचांच्या शेजारचा एक जण हातातल्या स्टॉपवॉचवर चोवीस सेकंद मोजायचा आणि वेळ संपली की शिट्टीसाठी हात वर करायचा. किती उरलेत हे खेळणाऱ्याला कळायला मार्ग नाही. त्यामुळे मनातल्या मनात मोजत पास द्यायचे. बाहेरून पोरं ओरडायची, “आठे दे भो, आठे दे!” त्यांना वाटायचं आम्हाला शॉट घ्यायची भीती वाटते.

पण गेमचा खरा जीव त्याच्या लेगसी नावाच्या भागात होता. त्यात तुम्ही खेळाडू नसता, प्रशिक्षक असता. सुरुवातीला कुणी मोठं कॉलेज तुम्हाला उभंही करत नाही. कुठल्या तरी कोपऱ्यातलं, सतत हरणारं कॉलेज मिळतं आणि तिथून वर चढायचं. संघात शिष्यवृत्तीच्या तेरा जागा. त्या भरायला देशभरातल्या शाळांमधली पोरं हेरायची, फोन करायचे, पत्रं पाठवायची, घरी जाऊन आईबापांना भेटायचं. एखाद्या सहा फूट नऊ इंचाच्या पोऱ्याच्या मागे महिनोन्‌महिने लागायचं आणि शेवटी तो केंटकीला सही करून मोकळा व्हायचा. आतेभाऊ अशा वेळी कंट्रोलर गादीवर आपटायचा. मला मात्र आमच्या जिमखान्याचे सर आठवायचे. तेही जुलैत प्रवेशाच्या वेळी अकरावीच्या रांगेत उंच पोरी शोधत फिरत. कुणाला फी माफीचं, कुणाला बुटांचं, कुणाच्या वडिलांना ‘मी स्वतः घरी सोडीन’ असं सांगत. गेम बनवणाऱ्यांनी धुळं पाहिलेलं नसणार, पण गरीब कॉलेजच्या प्रशिक्षकाचा जीव कुठे अडकतो हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

आणि चौथ्या वर्षी पोरं निघून जातात. कॉलेजच्या खेळाचं सगळं सार मला यात वाटतं. एनबीएच्या गेममध्ये आवडता खेळाडू पैसे असतील तर दहा वर्षं ठेवता येतो. इथे नाही. घासूनपुसून तयार केलेला गार्ड मार्चमधला शेवटचा सामना हरला की संपला. एप्रिलमध्ये त्याच्या जागी नवा, अजून मिसरूड न फुटलेला. गेमच्या निर्मात्यांनी ही हानी कुठेही सौम्य केली नव्हती. यादीतून नाव जायचं आणि खाली रिकामी ओळ राहायची.

आता ‘नाव जायचं’ म्हटलं खरं, पण त्यातच सगळी मेख आहे. पहिल्या वर्षीच्या खेळाडूंना नावं नव्हती, कारण ती हाडामांसाची पोरं होती. त्या हंगामात त्या त्या कॉलेजात खरोखर खेळणारी. उंची त्यांची, नंबर त्यांचा, डावखुरेपणा त्यांचा, फ्री थ्रोची टक्केवारीही जवळपास त्यांचीच. फक्त नाव गाळलेलं. अमेरिकन कॉलेजांच्या खेळांवर एनसीएए नावाची संस्था राज्य करते आणि तिचा तेव्हाचा नियम असा की कॉलेजचा खेळाडू हौशी असतो. त्याने आपल्या खेळातून पैसा कमवायचा नाही. नाव वापरलं तर पैसे द्यावे लागतील, आणि पैसे दिले तर तो हौशी राहणार नाही. म्हणून नाव काढून टाकलं आणि बाकीचं सगळं ठेवलं. नव्याने भरती होऊन येणारी पोरं मात्र यंत्राने जुळवलेली, कुठेही अस्तित्वात नसलेली. त्यांना नाव, आडनाव, गाव, शाळा सगळं होतं. चार-पाच हंगाम खेळलं की खरी पोरं पदव्या घेऊन गेलेली असायची आणि संघ नावागावाच्या खोट्या माणसांनी भरून जायचा. खऱ्यांना नंबर, खोट्यांना नाव! गेमचा सगळ्यात मोठा दोष कोणता असं मला विचाराल तर मी हाच सांगेन, आणि तो प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा नव्हता.

बाकीचे दोष फुटकळ. समालोचनातली तीच ती वाक्यं इतकी पाठ झाली की आत्या स्वयंपाकघरातून समालोचकाच्या आधी म्हणायची. पीएस-टूवर चेहरे साच्यातून काढल्यासारखे. दहाएक हंगामांनंतर लहानमोठ्या कॉलेजांमधला फरक पुसट व्हायचा आणि सगळे एकाच तऱ्हेने खेळायला लागायचे. शिवाय माणसाची किंमत आकड्यात. या पोऱ्याला शॉटसाठी इतके, उडीसाठी इतके, डोक्यासाठी इतके. भरतीच्या यादीत तारे दिलेले असायचे. आम्ही पाच ताऱ्यांच्या मागे धावायचो आणि पाच ताऱ्यांची पोरं सहसा फसवत नसत. खऱ्या भरतीत असं सरळ कुठे असतं?

बारक्याचंच बघा. तो शाळेत असताना मोठ्या कॉलेजांपैकी एकानेही त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. बाप एनबीएत खेळलेला, तरी पोरगा फार हडकुळा म्हणून. बापाच्या स्वतःच्या कॉलेजनेही ‘शिष्यवृत्तीशिवाय ये’ एवढंच सांगितलं. डेव्हिडसन हे नॉर्थ कॅरोलिनातलं तेव्हा जेमतेम सतराशे विद्यार्थ्यांचं कॉलेज. त्याने घेतलं. मार्च २००८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत या पोऱ्याने गोंझागाविरुद्ध चाळीस गुण केले, पुढे जॉर्जटाउनला घरी पाठवलं, मग विस्कॉन्सिनला. डेट्रॉइटच्या सामन्यांसाठी कॉलेजच्या विश्वस्तांनी विद्यार्थ्यांच्या बसचा, राहण्याचा आणि तिकिटांचा खर्च उचलला. उपांत्य फेरीच्या दारात कॅन्ससकडून ५९–५७ असा दोन गुणांनी पराभव झाला. पुढे कॅन्ससच विजेता ठरला. आम्ही देवपुरात त्याला बारक्या म्हणत होतो तेव्हा हे सगळं होऊन नऊ महिने उलटले होते आणि सगळ्या अमेरिकेला स्टेफन करी हे नाव पाठ झालं होतं. ते माहीत नव्हतं फक्त त्या डिस्कला आणि आम्हाला. आतेभाऊ म्हणतो त्याला माहीत होतं. असेल. तेव्हा बोलला नव्हता.

त्या नंबरांचीही एक गंमत आहे. अमेरिकन कॉलेजात तेव्हा नंबरात फक्त शून्य ते पाच हेच आकडे चालत. फाउल झाला की पंचाने टेबलाला बोटांनी नंबर दाखवायचा असतो. एका हाताची बोटं पाच, म्हणून. तीस म्हणजे एका हाताची तीन बोटं आणि दुसऱ्याची मूठ. सहा, सात, आठ, नऊ कुणाच्या पाठीवर दिसतच नसत. आपल्याकडे फिबाच्या नियमाने तेव्हा चार ते पंधरा एवढेच नंबर, कारण एक, दोन, तीनच्या खुणा गुणांसाठी राखून ठेवलेल्या. मी सात नंबर घालायचे. म्हणजे त्या गेममध्ये मला नियमानेच प्रवेश नव्हता. अर्थात तसाही नव्हता. सव्वातीनशे कॉलेजांत मुलींचा एकही संघ नव्हता. एनसीएए महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ पासून भरवते, सामने टीव्हीवर दिसत, हजारो लोक जात. गेम बनवणाऱ्यांना गव्हाची पेंढी बारकाईने काढायला वेळ होता. मी दुपारभर बाप्यांचे संघ चालवायचे आणि पाच वाजता पुन्हा बूट बांधून आमच्या कोर्टवर जायचे.

त्या कोर्टबद्दल सांगायला हवं. सिमेंटचं, दोन ठिकाणी भेगाळलेलं. रबरी बॉल त्यावर एका हंगामात इतका घासायचा की वरचे दाणे जाऊन तुळतुळीत व्हायचा आणि घामेजल्या हातातून निसटायचा. पूर्वेकडची रिंग पुढे झुकलेली, त्यामुळे तिथे बोर्डाला लावून मारलेला शॉट पडायचा आणि सरळ मारलेला परत यायचा. पाहुण्या संघाला हे कळायला अर्धा सामना लागे. यालाच आम्ही घरच्या मैदानाचा फायदा म्हणायचो. मार्चपासून चार वाजता सिमेंट इतकं तापलेलं असायचं की बुटाच्या तळव्यातून चटका बसे. धुळे-जळगावचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. अमेरिकेत मार्च महिना म्हणजे स्पर्धेचा कळस, आमच्याकडे मार्च म्हणजे परीक्षा आणि ऊन.

त्यांचा हंगाम तीसेक सामन्यांचा. एक हरला तर आठवड्यात दुसरा. गेममधलं हे मला सुरुवातीला खरंच वाटेना. आमची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची. बसने जायचं, एखाद्या शाळेच्या वर्गात बाकं सरकवून झोपायचं, सकाळी सामना, आणि हरलं की दुपारच्या गाडीने परत. वर्षाचा खेळ संपला. जिंकत गेलात तर त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जाणार, तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणार, आणि तिथे खेळलेली मुलगी ‘कलर होल्डर’ होऊन ब्लेझर घालून मिरवणार. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे प्रमाणपत्राचं मोल घरच्यांनाही कळायचं. पण कुणाला चाचपून बघायला, चुकायला, सुधारायला सामने असतात कुठे? अमेरिकन पोऱ्या एका हंगामात जेवढं हरतो तेवढं हरायलाही आम्हाला मिळालं नाही.

जर्सी आमची नसायची, जिमखान्याची असायची. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सही करून घ्यायची, आल्यावर धुऊन, घडी घालून परत. माझ्या सातच्या आधी तो सात कुणाकुणाचा होता ते गावाला माहीत होतं. ही अमक्या वकिलांची सून, तिने एकदा अमळनेरच्या संघाला एकटीने घुमवलं होतं. ती आता नाशिकला असते. नावं सगळ्यांना तोंडपाठ, पण तिने गुण किती केले, रिबाउंड किती घेतले, कोणत्या साली, हे कुणी विचारलं तर लोक गप्प व्हायचे. गेममध्ये बारक्याचा प्रत्येक शॉट मोजलेला आणि नाव बेपत्ता. आमच्याकडे नाव घरोघरी आणि मोजणारा कुणीच नाही. मोजलेलं नव्हतं असंही नाही. प्रत्येक सामन्याची स्कोअरशीट भरली जायची, खाली कार्बन ठेवून, चार ते पंधरा नंबरांपुढे नावं लिहून. एक प्रत जिंकणाऱ्याला, एक हरणाऱ्याला, एक आयोजकाला. पुढे त्या फायली रद्दीत जात.

ज्या विद्यापीठासाठी आम्ही खेळलो तेही तरुणच होतं. १५ ऑगस्ट १९९० ला ते जळगावात स्थापन झालं. त्याआधी खानदेशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. नुसतं ‘उत्तर महाराष्ट्र’, एक दिशा आणि एक राज्य एवढंच सांगणारं नाव. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या काम करता करता म्हणायच्या आणि घरातली माणसं टिपून ठेवायची. ते कागद त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी जपले, म्हणून आसोद्याची बाई आज पदवीच्या कागदावर आहे.

इकडे अमेरिकेत नावाचं भांडण कोर्टात गेलं आणि तेही एका गेमवरूनच. एड ओबॅनन हा १९९५ साली राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या यूसीएलए संघाचा आघाडीचा खेळाडू. खेळ संपवून तो लास व्हेगासजवळ गाड्या विकण्याच्या धंद्यात होता. एकदा मित्राच्या घरी गेला, तर मित्राचा मुलगा ईएचा कॉलेज बास्केटबॉलचा गेम खेळत होता. त्यात जुने गाजलेले संघही होते. पडद्यावर ३१ नंबरचा, टक्कल केलेला, डावखुरा, उंच माणूस धावत होता. तो स्वतःच. नाव नाही. आधी त्याला मौज वाटली. मग मित्र म्हणाला, एवढ्या पैशांना हा गेम घेतला, त्यातला तुला एक छदामही मिळाला नाही. जुलै २००९ मध्ये ओबॅननने दावा लावला. ईए आणि तिच्याबरोबरच्या परवाना देणाऱ्या कंपनीने चार कोटी डॉलर देऊन तडजोड केली. एनसीएएविरुद्धचा निकाल ऑगस्ट २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी दिला: खेळाडूंना त्यांच्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला नाकारणारे नियम स्पर्धेच्या कायद्याचा भंग करतात. त्या खटल्यातला माणूस ‘गेम बंद पाडणारा’ म्हणून बदनाम झाला, हे मला अन्यायाचं वाटतं. बास्केटबॉलचे गेम त्याच्या निकालाच्या फार आधी, ईएच्या २००९ च्या आवृत्तीनंतरच थांबले होते आणि टू-केने तर त्याआधीच हात आखडला होता. फुटबॉलचा गेम मात्र खटल्यांच्या धसक्याने २०१३ नंतर बंद पडला, हे खरं.

एनसीएएने १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमवायची मुभा दिली. २०२४ मध्ये फुटबॉलचा गेम परत आला तेव्हा होकार देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला सहाशे डॉलर आणि गेमची एक प्रत मिळाली. दहा हजारांहून जास्त पोरांनी होकार दिला. सहाशे डॉलरला काय येतं, असं म्हणणारे तिथे होते. मला ती प्रत महत्त्वाची वाटते. आपल्या पाठीवर आपलं आडनाव बघायला किती पोरांनी रात्र जागवली असेल! बास्केटबॉलचा गेमही आणणार असल्याचं ईएने २०२५ मध्ये सूचित केलं आहे आणि त्यात महिलांचे संघही असतील अशा बातम्या आहेत. असायलाच हवेत. २०२४ च्या मार्चमध्ये आयोवाच्या केटलिन क्लार्कने कॉलेज बास्केटबॉलमधला पुरुषांचा चोपन्न वर्षं जुना गुणांचा विक्रमही मागे टाकला, आणि त्या वर्षी महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. तिचा नंबर २२. दोन बोटं इकडे, दोन तिकडे.

मधल्या काळात त्या जुन्या डिस्कला भलतंच आयुष्य लाभलं. गेममध्ये खेळाडूचं नाव बदलायची सोय आहे. तिचा फायदा घेऊन चाहते वर्षानुवर्षं खऱ्या संघांची नावं एकेक करून भरतात आणि आपापसात वाटतात. कंपनीने कायद्याच्या भीतीने गाळलेलं हे लोक फुकटात, हौसेने परत लिहितात. आतेभाऊ आता डॅलसकडे असतो. त्याच्याकडे प्लेस्टेशन थ्रीवर तोच गेम अजून चालतो. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. “ताई, तुमच्या संघाची नावं सांग बरं, नंबरासकट.” मी जळगावात, गॅसवर वांगी भाजायला ठेवलेली. म्हटलं, थांब, आधी भरीत होऊ दे. तो थांबेना. शेवटी एका हाताने वांगी फिरवत मी चारपासून सांगत गेले आणि तो एका कोपऱ्यातल्या कॉलेजचा संघ उघडून रोमन अक्षरांत ती टाकत गेला. नंबरांची पंचाईत झालीच. सहा ते नऊ यंत्र घेईना. मी पंधरावर समाधान मानलं. ज्या पोरीचा तो होता, तिला दहा देऊन टाकला. मुलींचं शरीर तर त्या गेमला माहीतच नाही, त्यामुळे सहा फूट सात इंचाच्या दाढीवाल्या बाप्याच्या पाठीवर आमच्या सेंटरचं माहेरचं आडनाव आलं. त्याने कॅन्ससविरुद्ध सामना लावला. नेस्मिथने हा खेळ शोधला आणि पुढे जिथे स्वतः प्रशिक्षक म्हणून काम केलं तेच हे कॅन्सस. आम्ही सपाटून हरलो.

त्याचा व्हिडिओ मी जुन्या पोरींच्या ग्रुपवर टाकला. एरवी गुड मॉर्निंगच्या फुलांपलीकडे न जाणारा ग्रुप दहा मिनिटांत पेटला. आमची पॉइंट गार्ड आता चोपड्याकडे एका शाळेत खेळाच्या बाई आहे. तिचा थेट फोनच आला. “माझा फ्री थ्रो चोपन्न? कुणी टाकला तो आकडा?” मी म्हटलं, माझ्या भावाने अंदाजे. “अंदाजे कसा? एरंडोलला शेवटच्या मिनिटात दोन्ही कुणी टाकले होते?” मला आठवत होतं की एकच पडला होता. तिचं म्हणणं दोन्ही पडले. स्कोअरशीट असती तर वाद तिथेच मिटला असता. आम्ही अर्धा तास भांडलो. शेवटी सत्तरवर तडजोड झाली, पण मोबदल्यात तिचा डिफेन्स पाचाने कमी करायचा, असं मी ठरवून घेतलं. तिने ते मान्य केलं, कारण तेवढं खरं होतं. मग सेंटरचा मेसेज आला. ती म्हणते, उंची वाढवलीत ते छान केलंत, तशीच राहू द्या. पण वजन लिहिलंय ते कुणाला विचारून?